खुर्द्याची मोजदाद : युद्धेतिहासाची पुस्तके कशासाठी वाचावीत?

१/
बोरिवलीहून सुटलेली विरार लोकल दहिसर, मीरा रोड, भाईंदर मागे टाकून वसईच्या खाडीवरील पुलावर येते. चाकांचा आवाज पालटतो, दारातून खारा वारा आत शिरतो. डब्यातला एखादा प्रवासी ‘पानिपत’ कादंबरीत बुडालेला असतो. मान वर न करता तो पान उलटतो. त्याच्या हातातले रणांगण हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. गाडीखालून वाहणाऱ्या पाण्याच्या दोन्ही काठांवर मात्र, पानिपताच्या बावीस वर्षे आधी, मराठी फौज दोन वर्षे झुंजत होती.

२/
हा धागा त्या प्रवाशाला नावे ठेवण्यासाठी नाही. उभ्याने प्रवास करताना सहाशे पानांचे पुस्तक वाचणारा माणूस कौतुकासच पात्र आहे. प्रश्न वेगळा आहे. मराठी वाचकाला युद्धाच्या पुस्तकांची एवढी ओढ का असते, आणि त्या ओढीतून त्याच्या हाती काय लागते? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या भूमीवर उभी आहेत, ती भूमीच या प्रश्नाचे उत्तर शोधायला मदत करते.

३/
आधी ओढीविषयी. ती केवळ रक्तपाताची नसते. इतिहासातले बहुतेक बदल सावकाश घडतात. महसुलाची पद्धत, पिकांची निवड, भाषेचे वळण यांना पिढ्या लागतात. युद्धात मात्र निर्णय सकाळी होतो आणि त्याचा परिणाम संध्याकाळी डोळ्यांसमोर येतो. कारण आणि कार्य इतके जवळजवळ उभे असलेले इतिहासात अन्यत्र क्वचितच दिसतात. वाचकाच्या बुद्धीला यात जो आनंद मिळतो, तो बुद्धिबळाच्या पटाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या आनंदाहून फार वेगळा नाही.

४/
दुसरे आकर्षण अपुऱ्या माहितीचे. वाचकाला शेवट ठाऊक असतो. सेनापतीला तो ठाऊक नसतो. नदीला उतार कुठे आहे, शत्रूची कुमक किती दूर आहे, खजिना वेळेत पोचेल का, यांपैकी काहीच नक्की नसताना त्याला हुकूम द्यावा लागतो. चांगले युद्धेतिहासकार वाचकाला त्या अज्ञानात नेऊन बसवतात. पुढे काय झाले हे विसरायला लावणे, ही त्यांची खरी हातोटी.

५/
मराठीत ही ओढ फार जुनी आहे. शाहिरांचे पोवाडे आणि बखरी हे या भाषेतले युद्धवाङ्मयाचे पहिले घर. ‘भाऊसाहेबांची बखर’ आजही वाचनीय वाटते, कारण तिच्या कर्त्याला माणसे दिसतात. त्यांचे रुसवे, अहंकार आणि धाक दिसतात. पण बखरीत फौजांचे आकडे सहज फुगतात, संवाद रचलेले असतात आणि पराभवाचे खापर कोणा एकाच्या माथी फोडण्याची घाई असते.

६/
बखरीकडून कागदाकडे जाण्याचा प्रवास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या उणिवा पहिल्यांदा सविस्तर दाखवल्या त्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, चाळीसेक वर्षांनंतर. पुढे वि. का. राजवाडे यांना वाईत जुन्या पत्रांचा साठा सापडला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला गेला. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपताच्या वाटेवरची आहेत.

७/
मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करत होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या माणसांनी आयुष्ये घालवून जे बाहेर काढले, त्यात तलवारींचा खणखणाट फार थोडा आहे. त्यात बहुतांशी हिशेब आहे.

८/
घोड्यांना चारा नाही, दाणा महाग झाला, शिपायांचा रोजमुरा थकला, सावकार हुंडी वटवत नाही, दारूगोळा पावसात भिजू नये, खेचरे पाठवा, बैल पाठवा, पैसे पाठवा. रणांगणावरच्या पत्रांचा हा नित्याचा सूर. पोवाडा ऐकून आलेला वाचक इथे निराश होतो. जो टिकतो, त्याला कळते की युद्धाचा इतिहास हा मुळात पोटाचा आणि पैशाचा इतिहास आहे. शौर्य त्या पोटाच्या आधारावर उभे असते.

९/
पानिपतच घ्यावे. लोकस्मृतीत ते १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाचे नाव आहे. भाषेतही तसेच मुरले आहे. निवडणूक हरली की ‘पानिपत झाले’, आणि ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’ ही कोटी अजून चालते. कागदांतले पानिपत मात्र कित्येक महिने लांब आहे. १७६० च्या मार्चमध्ये पटदुरहून निघालेली फौज, तिच्यासोबतची कुटुंबे आणि यात्रेकरू, उत्तरेतला पावसाळा, फुगलेली यमुना आणि सतत आटत जाणारा खजिना, हे सारे त्यात येते.

१०/
दिल्ली हाती आली तेव्हा पैशाची निकड इतकी होती की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून वितळवावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकून धान्य मिळाले. त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेकडचा रस्ता तुटला. नंतर दोन महिन्यांहून अधिक काळ दोन छावण्या समोरासमोर बसून राहिल्या. अंतर्वेदीतून रसद तोडण्यासाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढाईच्या सकाळी जी फौज बाहेर पडली, ती उपाशी होती.

११/
त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे मोठेपण इथे आहे. त्यांचा पानिपतावरील ग्रंथ १९४६ साली डेक्कन कॉलेजने इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि नंतर तो विषय त्यांनी मराठीतही मांडला. पराभवाला दैव, फितुरी किंवा एखाद्याचा हट्ट एवढेच कारण देऊन ते थांबत नाहीत. नकाशा, तारखा, अंतरे, दोन्ही बाजूंची साधने समोर ठेवून ते युक्तिवाद करतात. त्यांच्या मतांशी भांडता येते, कारण ती कशावर उभी आहेत हे त्यांनी लपवलेले नाही.

१२/
पानिपताची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, याची परंपरेने चालत आलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. सावकारी भाषेतले एक पत्र त्यांच्या हाती पडले. दोन मोती, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, गेल्याचे त्यात होते. मोहरा, म्हणजे मोठे सरदार, किती गेल्या त्यांचा आकडा होता. आणि रुपे व तांबे, म्हणजे सामान्य शिपाई, किती गेले याला मोजमाप नाही, असा शेवट होता.

१३/
ही कथा सांगताना सांगणाऱ्याचा गळा मोत्यांपाशी दाटून येतो. तसे होणे स्वाभाविक आहे. पण त्या पत्रातले सर्वात भीषण वाक्य शेवटचे आहे. मोत्यांची नावे आहेत, मोहरांचा आकडा आहे, खुर्द्याची मोजदादच नाही. युद्धेतिहासाच्या चांगल्या पुस्तकाचे काम एका वाक्यात सांगायचे, तर ते हेच : त्या पत्राने सोडून दिलेला हिशेब पुन्हा हाती घेणे. युद्धाच्या पुस्तकाची ओढ मोत्यांमुळे असेल. त्याचे मोल खुर्द्याने ठरते.

१४/
आता पुन्हा खाडीच्या पुलावर. ठाणे, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सारी साष्टी बेटावरची गावे. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि दोन शतके त्यांच्याकडे राहिला. बोरिवलीच्या मंडपेश्वराला गेले की तो काळ दगडात दिसतो. खाली सहाव्या शतकाच्या आसपासची शैव लेणी आहेत, त्यांच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष आहेत. धार्मिक जाचाने आणि जमीनदारीने पिचलेल्या रयतेचा असंतोष पुढच्या युद्धामागे होता.

१५/
१७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला पडला. त्या वेळी त्याचे बांधकामही पुरे झाले नव्हते. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांची मदत त्यात मोलाची होती. साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला. आज अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसावे गावात उभे राहिले की खाडीपलीकडे मढचा किल्ला दिसतो. तो वेसावे किल्ला १७३९ च्या आरंभी मराठ्यांनी घेतला. उरली वसई.

१६/
वसईच्या वेढ्यातून लोकांना आठवतो तो चिमाजी आप्पांचा निर्वाणीचा उद्गार : किल्ला मिळत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत फेका. हा उद्गार आख्यायिकेने जपला आहे आणि तो विसरला जाणार नाही. विसरले जातात ते मोर्चे खणणारे. जवळपास चहूकडे पाणी आणि दलदल असलेल्या किल्ल्याला जमिनीची वाट मुख्यतः उत्तरेकडून. त्या बाजूने, भिंतीवरच्या तोफांच्या माऱ्याखाली, वाळूत चर खणत तटापर्यंत पोचायचे आणि बुरुजाखाली सुरुंग भरायचा. हे काम रात्रीचे, कुदळ-फावड्याचे.

१७/
घाईलाही कारणे होती. मार्च १७३९ मध्ये नादिरशाह दिल्लीत होता. उत्तरेकडे पाहणाऱ्या बाजीरावांना फौज हवी होती आणि फौजेचा मोठा भाग कोकणात अडकला होता. शिवाय मे महिना सरत होता. पाऊस उतरला की चरांत पाणी भरणार, दारू भिजणार, वेढा आपोआप सैल होणार. नकाशावर वसई हा एक ठिपका दिसतो; पंचांग आणि दिल्लीची बातमी शेजारी ठेवली की त्या ठिपक्यावरचा ताण कळतो. युद्धेतिहास वाचण्याची रीत ही अशी असते.

१८/
सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले, निकराचे हल्ले झाले आणि १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागती दिली. विजयाची किंमत जबर होती. मराठ्यांची हानी हजारांत मोजली गेली आणि ती पोर्तुगीजांच्या हानीहून कितीतरी जास्त होती. जिंकलेल्यांचा खुर्दा हरलेल्यांपेक्षा अधिक सांडला, हे वाक्य विजयगाथेत सहसा येत नाही. हिशेबाच्या पुस्तकात ते यावेच लागते.

१९/
तहाच्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह आणि सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. ज्यांना जायचे त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. जे मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य राहील, असे ठरले. इतक्या रक्तरंजित वेढ्यानंतर जेत्याने हे मान्य केले. वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीला, भीमाशंकराला गेल्या, हे सर्व जण सांगतात. घंटांसोबत हे कलमही सांगितले, तरच वसई पुरी सांगून होते.

२०/
कारण मागे राहिलेल्यांचे वंशज आजही इथे आहेत. साष्टी आणि वसईतल्या ख्रिस्ती गावांतले लोक याच मातीतले. शेती, मासेमारी, मिठागरे करणारे, मराठीचीच एक बोली बोलणारे. मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी इथली त्यांची गावठाणे उंच इमारतींच्या गराड्यात टिकून आहेत. वसईचा वेढा केवळ ‘आपण आणि ते’ असा सांगितला, की पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर शेजारच्या घराला नकळत तटाच्या पलीकडे उभे केले जाते. कागद तसे करू देत नाहीत.

२१/
साष्टीची पुढची गोष्ट तर आणखी दुर्लक्षित. वसई पडल्याच्या धक्क्याने मुंबईचे इंग्रज सावध झाले. त्यांनी चिमाजींकडे कॅप्टन इंचबर्डला बोलणी करण्यास धाडले आणि व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून शहराभोवती खंदक खणायला घेतला. पस्तीस वर्षांनी संधी आली. पेशव्यांच्या घरात कलह पेटलेला, रघुनाथराव मदतीच्या शोधात, आणि पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास निघाल्याची कुणकुण. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला करून किल्ला घेतला. शिबंदीची कत्तल झाली. पाठोपाठ वेसावेही गेले.

२२/
१७७५ चा सुरतेचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की, अशा वळणांनी ते युद्ध चालले. वडगावचा विजय मराठी वाचकाला पाठ असतो. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली, हे फार थोड्यांना आठवते. त्यानंतर शीवचा बंधारा झाला, १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. मुंबईला उपनगरे मिळाली ती आधी युद्धात आणि मग तहाच्या एका कलमात. स्टेशने नंतर आली.

२३/
अशा पुस्तकांवर एक जुना आक्षेप आहे : युद्धाचे वाचन माणसाला युद्धखोर करते. आक्षेप पोकळ नाही. चाळीस सेकंदांच्या चित्रफितीत घोडा, भगवा आणि कडाडणारा आवाज असतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगात जे भरते त्याला इतिहास म्हणता येत नाही. पण त्या चित्रफितीवर उतारा मौनात सापडत नाही, तो जाड पुस्तकात असतो. ज्याने वेढ्यातल्या उपासमारीची पत्रे ओळीने वाचली आहेत, तो ‘एकदा होऊनच जाऊ दे’ असे सहजासहजी म्हणत नाही.

२४/
पालखेडचे उदाहरण पाहावे. १७२८ साली बाजीरावांनी निजामाला नमवले. फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात त्या मोहिमेची वाखाणणी केली, हे वाक्य मोबाइलवर सतत फिरत असते. ते पुढे धाडणाऱ्यांना बहुधा सांगता येणार नाही की पालखेडला मोठी लढाई झालीच नाही. वेगवान घोडदळाने निजामाला अवजड तोफांपासून दूर, दाणापाण्याची टंचाई असलेल्या मुलखात ओढून नेले गेले आणि मुंगी-शेवगावच्या तहावर भागले. ज्या विजयाचा एवढा अभिमान, त्याचे वैशिष्ट्यच मुळी कमी रक्त सांडण्यात आहे. हे पुस्तक वाचल्यावाचून कळत नाही.

२५/
दुसरा आक्षेप अधिक टोकदार : युद्धेतिहास हा सरदारांचा इतिहास आहे. पुष्कळ काळ तो तसाच होता. इंग्लंडमध्ये जॉन कीगन यांनी १९७६ साली ‘द फेस ऑफ बॅटल’ लिहून तो मोहरा फिरवला. अजिंकोर, वॉटर्लू आणि सोम या लढाया त्यांनी सेनापतीच्या टेकडीवरून न पाहता रांगेतल्या माणसाच्या जागेवरून पाहिल्या. त्याला काय दिसत होते, काय ऐकू येत होते, पळून न जाण्याचे त्याच्यापाशी कारण काय होते, हे प्रश्न त्यांनी विचारले.

२६/
महाराष्ट्रात त्या प्रश्नांना दगडी उत्तरे आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमेकाठी कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. ती लढाई कोणी जिंकली यावर वाद चालू राहतील. पण ज्यांना बखरींनी खुर्द्यात टाकले असते, त्यांची नावे तिथे वाचता येतात, आणि नाव वाचता येणे म्हणजे काय हे त्या वाचकांना नेमके ठाऊक आहे.

२७/
कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येक गावांत आणखी एक दगड असतो. या गावातून पहिल्या महायुद्धावर किती माणसे गेली आणि किती मेली, एवढेच त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते. त्या युद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे वेढली गेलेली फौज ‘पुणे डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, सुटकेचे प्रयत्न फसले आणि सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली.

२८/
रसद तुटलेली छावणी, पोचू न शकलेली मदत, उपाशी मराठी शिपाई : १७६१ आणि १९१६ यांत साम्य आहे. पण पानिपतावर मराठीत कादंबऱ्या, नाटके, ग्रंथ यांची रांग आहे, आणि कुतचे नाव उपनगरातल्या सुशिक्षित वाचकालाही बहुधा नवे वाटेल. तिथे मोती हरवला नव्हता. हरवला तो सगळा खुर्दाच. मराठी युद्धेतिहासाच्या कपाटातली ही रिकामी जागा आहे, आणि ती भरण्याची जबाबदारी आता लिहू लागलेल्या पिढीवर येते.

२९/
मग पुस्तक निवडावे कसे? चार प्रश्न पुरतात. फौज काय खात होती आणि पैसा कुठून येत होता, हे लेखक सांगतो का? शत्रूचे कागद त्याने पाहिले आहेत का? वाचता येईल असा नकाशा पुस्तकात आहे का? आणि लढाईच्या दुसऱ्या दिवशी काय झाले, कोण विधवा झाली, कोणाची जमीन गेली, इथपर्यंत तो पोचतो का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर ते पुस्तक लिहिलेला पोवाडा आहे. पोवाडा म्हणून ते खुशाल वाचावे. इतिहास म्हणून नव्हे.

३०/
कादंबरी यात शत्रू नाही. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ साली आली आणि तिने कित्येकांना पहिल्यांदा त्या मैदानावर नेले. दार उघडणे हे कादंबरीचे काम, आणि ते तिने चोख केले. दारातच बसून राहणे हा वाचकाचा दोष. पहिल्या पुस्तकानंतर दुसरे उघडावे, ज्यात तळटिपा आहेत; नंतर तिसरे, ज्यात पत्रे आहेत. तिसऱ्या पुस्तकापाशी पोचलेल्या वाचकाला कोणीही सहजासहजी भडकवू शकत नाही, कारण तो आधी विचारतो : कागद दाखवा.

३१/
लोकल आता पुलावरून पुढे गेली आहे. नायगाव येईल, मग वसई रोड. स्टेशनाबाहेरून किल्ल्याकडे जाणारी बस मिळते. आत गेले की वेलींनी वेढलेली चर्चे, ढासळलेले चौक आणि चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. भिंतीबाहेर जिथे मोर्चे खणले गेले, तिथे मात्र कुणाचेच नाव नाही. त्या प्रवाशाने एखाद्या रविवारी तिथे उतरावे. मोत्यांना नमस्कार करावा, आणि परतीच्या गाडीत खुर्द्याविषयीचे पुस्तक उघडावे. (धागा समाप्त)